मैफल आणि तालीम : श्रीगोंद्याच्या शिंदे घराण्याच्या आश्रयांतील एक विद्यापरंपरा

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यांतील श्रीगोंदें हें गांव इतिहाससंशोधकांच्या परिचयाचें आहे तें मुख्यतः दोन कारणांनीं. ‘योगसंग्राम’कार शेख महंमद यांचें तें समाधिस्थान, हें पहिलें कारण, आणि कण्हेरखेडच्या शिंद्यांचें तें दक्षिणेंतील एक प्रमुख ठाणें, हें दुसरें. जुन्या कागदांत चांभारगोंदें या नांवानें येणाऱ्या या गांवीं शिंद्यांचे वाडे उभे राहिले. याच जिल्ह्यांतील जामगांवींहि त्यांचा वाडा आहे. घराण्याची सत्ता उत्तरेकडे सरकली तरी मूळ बुंधा भीमेच्या खोऱ्यांतच राहिला. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं पुण्याजवळ वानवडीस वारले. त्यांच्या मागें दौलतराव गादीवर आले. आणि ग्वाल्हेरजवळील लष्कर ही घराण्याची कायमची राजधानी झाली. येथपर्यंतचा वृत्तान्त सर्वश्रुत आहे व त्याचीं साधनेंहि पुष्कळ प्रसिद्ध झालीं आहेत.

प्रस्तुत लेखाचा विषय या वृत्तान्ताच्या कडेला पडलेला आहे. श्रीगोंद्याहून ग्वाल्हेरीस गेलेल्या या घराण्याच्या आश्रयानें ख्यालगायनाची जी शाखा वाढली, तीच पुढें दोन पिढ्यांत महाराष्ट्रांत परत आली व येथील अभिजात संगीताचा पाया ठरली. हा प्रवास घडला कसा? राजाश्रयानें गवई पोसला जातो, पण त्याची विद्या त्याच्याबरोबर सरणावर जाऊं शकते. ती टिकते केवळ शिष्यामुळें. तेव्हां ज्यांनीं मैफल गाजविली आणि तालीमहि दिली, अशा कलावंतांचा शोध घेणें हें या इतिहासाचें खरें सूत्र होय. या सूत्रानें पाहतां आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. कलावंतानें विद्या कोणत्या रीतीनें दिली यावर त्याचा कोणता पुरावा मागें राहिला हें अवलंबून असतें. लेखाचें प्रतिपाद्य हेंच आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच नव्हे. युरोपांत एकोणिसाव्या शतकांत पियानोवादकांची जी मोठी पिढी झाली, तिच्यापुढें तो आधींच उभा राहिला होता. शोपँ १८३१ सालीं पॅरिसला आला. त्यानें जाहीर मैफली फारच थोड्या केल्या व आपला चरितार्थ मुख्यतः शिकवणीवर चालविला. क्लारा शुमान हिनें १८७८ पासून फ्रांकफुर्टच्या संगीतशाळेंत अध्यापन केलें आणि त्याच काळांत मैफलीहि चालू ठेविल्या. लिस्ट यानें उत्तरायुष्यांत वायमार येथें शिष्यांना शिकविलें, परंतु फी घेतली नाहीं. वेतन, फी व दान असे तीनहि मार्ग तेथें दिसतात. आपल्याकडेहि हे तीन मार्ग झाले. मात्र त्यांचा क्रम व त्यांचे परिणाम वेगळे आहेत.

ग्वाल्हेरच्या ख्यालाचा उगम सांगतांना नत्थन पीरबक्ष यांचे नातू हस्सू खाँ व हद्दू खाँ यांची एक आख्यायिका नेहमीं सांगितली जाते. दरबारीं बडे महंमद खाँ हे तानेचे अद्वितीय गवई होते. ते आपली विद्या या मुलांना देण्यास तयार नव्हते. तेव्हां सरकारच्या संमतीनें मुलांना पडद्याआड बसवून खाँसाहेबांचें गाणें ऐकविण्यांत आलें आणि मुलांनीं तें जसेंच्या तसें उचललें. ही कथा अक्षरशः घडली कीं नाहीं, हा वाद येथें करण्याचें प्रयोजन नाहीं. आख्यायिका ज्या समाजांत रुजते त्या समाजाच्या समजुती ती उघड करीत असते. येथें उघड होणारी समजूत अशी कीं, गवयाचें गाणें हें दरबाराचें, परंतु त्याची तालीम ही त्याच्या घरची दौलत. वेतन मैफलीचें होतें, शिकवणीचें नव्हतें; आणि ऐकून घेतलेली विद्या ही एक प्रकारची चोरीच ठरे.

अशा कुलूपबंद घरांतून विद्या बाहेर पडली ती प्रामुख्यानें ग्वाल्हेरीस गेलेल्या मराठी मंडळींच्या द्वारें. हस्सू खाँ यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६). नत्थू खाँ यांच्या घरचे निसार हुसेन खाँ यांनीं शंकरराव पंडित (१८६३–१९१७) यांना तालीम दिली, व त्यांचें पंडितांच्या घरींच वास्तव्य होतें. गुरूनें शिष्याच्या घरीं राहून शिकविणें ही गोष्ट पडद्याआडच्या कथेपासून किती दूर आली हें पाहण्यासारखें आहे. हद्दू खाँ यांची तालीम विष्णुपंत छत्रे यांनाहि मिळाली होती. पुढें हेच छत्रे सर्कशीचे मालक म्हणून हिंदुस्थानभर गाजले.

बाळकृष्णबुवांचें शिक्षण सुखासुखी झालें नाहीं. मिरजेजवळील बेडग गांवचा हा मुलगा गायनासाठीं वणवण करीत उत्तरेस गेला. गुरुगृहीं सेवा केली. मध्यंतरीं तालीम तुटली, ती पुन्हां जुळली. आणि विद्या संपादून तो दक्षिणेंत परतला. पुढें मुंबईस त्यांनीं गायन समाज काढला व ‘संगीत दर्पण’ हें मासिक चालविलें. अखेरीस इचलकरंजी संस्थानच्या आश्रयास राहून त्यांनीं शिष्य तयार केले. विष्णु दिगंबर पलुसकर, मिराशीबुवा, अनंत मनोहर जोशी, गुंडूबुवा इंगळे हीं नांवें त्या शाळेचीं. बुवा स्वतः उत्तम मैफलीचे गवई होते. तथापि त्यांचें ऐतिहासिक महत्त्व त्यांच्या मैफलींहून त्यांच्या शिष्यांत अधिक आहे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत आणणारा पुरुष म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें, तें यामुळेंच.

याच्या उलट बाजूचें उदाहरणहि लक्षांत ठेवावें. हद्दू खाँ यांचे पुत्र रहिमत खाँ हे त्या काळचे अलौकिक गायक. छत्र्यांच्या आश्रयास राहून त्यांनीं मैफली केल्या व १९२२ सालीं ते कुरुंदवाडास वारले. त्यांच्या गाण्याचा प्रभाव अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्यांवर पडला. परंतु रीतसर तालीम देऊन शिष्यशाखा वाढविणें हा त्यांचा पिंड नव्हता. त्यांच्या कांहीं ध्वनिमुद्रिका निघाल्या म्हणून तरी त्यांचा आवाज आज ऐकावयास मिळतो. घराण्याचा रक्ताचा वारस मैफलींत अद्वितीय ठरला, आणि घराणें पुढें चाललें तें परक्यांच्या मुलांकडून. वंशावळ व गुरुपरंपरा या दोन वेगळ्या वस्तु आहेत हें यावरून कळावें.

आतां खुद्द शिंदे घराण्यांतील पुरुषाकडे वळूं. जयाजीराव शिंदे (कारकीर्द १८४३–१८८६) यांना चंद्रभागाबाई या गायिकेपासून झालेले पुत्र भैयासाहेब गणपतराव हे पेटीचे, म्हणजे हार्मोनियमचे, पहिल्या प्रतीचे वादक होते. त्यांचा मृत्यु १९२० सालीं झाला. पियानोप्रमाणेंच पट्ट्यांचें हें वाद्य युरोपांतून आलें. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्यें त्याला आकार आला, आणि पुढें कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं हातानें भाता चालविण्याची सुटसुटीत पेटी प्रचारांत आणली. पट्टीवरचा स्वर ठाम असतो. त्यामुळें नवशिक्याला हें वाद्य सोयीचें. आणि त्याच कारणामुळें मींड व श्रुति यांचा आग्रह धरणाऱ्यांना तें नकोसें. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींचा खटाटोप केला, तो याच उणिवेपायीं. अशा या वाद्यावर गणपतरावांनीं ठुमरीसारखा लवचिक प्रकार वाजवून दाखविला. एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे सरकतां येत नाहीं, तेथें कणाच्या व चपळ बोटांच्या योगानें सरकण्याचा भास उत्पन्न करावयाचा, ही त्यांची करामत होती.

लखनौचे सादिक अली खाँ यांजकडून त्यांना ठुमरीची तालीम मिळाली असें परंपरा सांगते. ‘सुघरपिया’ या मुद्रेनें त्यांच्या ठुमऱ्या प्रसिद्ध आहेत. परंतु त्यांचें विशेष महत्त्व त्यांच्या शिष्यमंडळींत आहे. बनारसच्या ठुमरीचे नामांकित गायक मौजुद्दीन खाँ, गौहर जान, मलका जान, कलकत्त्याचे गिरिजाशंकर चक्रवर्ती, एवढीं नांवें घेतलीं तरी त्यांच्या तालमीचा विस्तार ध्यानांत येतो. यांपैकीं गौहर जान हिचें गाणें नोव्हेंबर १९०२ मध्यें कलकत्त्यास मुद्रित झालें. हिंदुस्थानांतील ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायाचा आरंभ त्या प्रसंगापासून मोजतात. गिरिजाशंकर हे स्वतः गायक असून मोठे शिक्षकहि होते. त्यांचे शिष्य तारापद चक्रवर्ती व ज्ञानेन्द्रप्रसाद गोस्वामी हे बंगालांत विख्यात झाले, आणि नयनादेवी (१९१७–१९९३) यांच्या द्वारें ही ठुमरी दिल्लीपर्यंत पोंचली. श्रीगोंद्याच्या वाड्याशीं ज्यांचें नातें सांगतां येईल अशा पुरुषाच्या बोटांतली ठुमरी ही अशी कलकत्ता, बनारस व दिल्ली येथें नांदली.

गणपतराव राजपुत्र होते. त्यांना शिकवणीच्या उत्पन्नाची गरज नव्हती. त्यांनीं शाळा काढली नाहीं, नियम केले नाहींत, क्रमिक पुस्तक छापलें नाहीं. मैफल व तालीम यांच्यामध्यें त्यांनीं भिंत ठेविली नाहीं: जेथें वाजविलें तेथेंच शिकविलें. राजाचा मुलगा गाणारणींना शिकवितो ही गोष्ट त्या काळच्या प्रतिष्ठेच्या कल्पनांत बसणारी नव्हती. तथापि ज्याची आईच गायिका होती त्याला ती अप्रतिष्ठेची वाटण्याचें कारण नव्हतें. चंद्रभागाबाईंचें नांव शिंद्यांच्या राजकीय इतिहासांत सहसा येत नाहीं. संगीताच्या इतिहासांत मात्र तें गणपतरावांच्या नांवाआधीं यावयास हवें. कारण मुलाच्या कानावर पडलेला पहिला स्वर आईचा असतो. दैवगति अशी कीं, ज्या पेटीला त्यांनीं ही प्रतिष्ठा मिळवून दिली, तिला त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनीं, १९४० सालीं, ऑल इंडिया रेडिओनें बंदी घातली. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली व मग हळूहळू शिथिल झाली. तेवढ्या काळांत ही विद्या नभोवाणीवांचून, केवळ मैफलींत व घरगुती शिकवणींत जगली.

ज्या काळांत गणपतराव उत्तरेंत ठिकठिकाणीं वाजवीत होते, त्याच काळांत बाळकृष्णबुवांचा एक शिष्य अगदीं निराळा मार्ग काढीत होता. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजीं कुरुंदवाडास झाला. लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें त्यांची दृष्टि अधू झाली व ते मिरजेस बुवांकडे गायन शिकूं लागले. १८९६ मध्यें ते बाहेर पडले. संस्थानिकाच्या दिवाणखान्यांत गाण्याऐवजीं तिकीट लावून सर्वांसमक्ष गावें ही कल्पना त्यांनीं काठेवाडांत अमलांत आणली. ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन झालें. हें विद्यालय चाललें कशावर? बुवांच्या मैफलींवर. गांवोगांव जलसे करावयाचे, तिकिटांचे पैसे आणावयाचे व त्यांतून शिक्षण चालवावयाचें, शिवाय निवडक विद्यार्थ्यांना जवळ ठेवून त्यांचें खाणेंपिणेंहि भागवावयाचें, असा तो हिशेब होता. ‘संगीत बालप्रकाश’ हें पुस्तक व ‘संगीतामृतप्रवाह’ हें मासिक त्याच प्रपंचाचे भाग होत.

१९०८ सालीं मुंबईस शाखा निघाली व तेथें मोठी इमारत उभी राहिली. इमारत कर्जावर होती आणि कर्ज फिटावयाचें तें पुन्हां मैफलींच्या उत्पन्नांतूनच. बुवांचें मन उत्तरायुष्यांत रामभक्तीकडे वळलें, जलसे कमी झाले, उत्पन्न आटलें. आणि १९२४ च्या सुमारास इमारत लिलावांत गेली. बुवांनीं नाशकास आश्रम केला व २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेस देह ठेविला. एका कंठावर संस्था उभारली तर तो कंठ थांबतांच ती संकटांत येते, हा या वृत्तान्ताचा कटु अर्थ आहे. परंतु दुसरा अर्थहि तितकाच खरा. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हे त्यांचे शिष्य मैफलीचे गवईहि झाले आणि शिक्षकहि. देवधरांनीं १९२५ सालीं मुंबईस शाळा काढली. पटवर्धनांनीं १९३२ सालीं पुण्यास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. इमारत गेली, विद्यालयें वाढलीं.

याच सुमारास अन्यत्रहि असेच प्रयत्न होत होते. बडोद्यास सयाजीरावांच्या आश्रयानें मौलाबक्ष यांनीं १८८६ सालींच गायनशाळा चालविली होती. पुण्यास भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनीं १९११ मध्यें भारत गायन समाज स्थापन केला. मैफलीचे बादशहा म्हणून गाजलेल्या या गायकाचे बालगंधर्व व मास्तर कृष्णराव हे शिष्य. खुद्द ग्वाल्हेरीस शंकरराव पंडितांचे पुत्र कृष्णराव (१८९३–१९८९) यांनीं वडिलांच्या नांवानें १९१४ सालीं विद्यालय काढलें व मैफलींची कीर्ति सांभाळून तें चालविलें. पुढें १९१८ मध्यें माधवराव शिंदे यांच्या आश्रयानें व भातखंडे यांच्या योजनेनें माधव संगीत विद्यालय सुरू झालें. तेथें शंकररावांचे शिष्य राजाभैया पूंछवाले शिकवूं लागले. ज्या दरबारीं मुलांना पडद्याआड बसावें लागलें अशी आख्यायिका, त्याच दरबारच्या खर्चानें शंभर वर्षांच्या आंतबाहेर फळा व हजेरीपट आला.

वरील हकीकतीवरून तीन पद्धति स्पष्ट दिसतात. पहिली, दरबारी वेतनावर मैफल करून निवडक शिष्याला घरीं तालीम देण्याची. दुसरी, गणपतरावांची, मुक्तहस्तानें व विनामूल्य देण्याची. तिसरी, पलुसकरांची, मैफलीच्या पैशावर शाळा चालविण्याची. संशोधकाच्या दृष्टीनें पाहिलें तर या तीन पद्धतींचे पुरावेहि तीन जातींचे आहेत. पहिलीचा पुरावा दरबारच्या हिशेबांत: नेमणुका, बिदाग्या, पोषाख. तिसरीचा पुरावा छापील: पुस्तकें, मासिकें, पदवीपत्रें, जलशांच्या जाहिराती, आणि दुर्दैवानें कर्जाचे कागद. दुसरीचा पुरावा मात्र जवळजवळ सर्वस्वीं शिष्यांच्या कंठांत व त्यांच्या वह्यांत उरतो. ज्यानें सर्वांत सहजपणें दिलें त्याच्या दानाची नोंद सर्वांत विरळ, अशी ही विचित्र स्थिति आहे. गायिकांच्या बाबतींत ती अधिकच खरी. मैफलींत त्यांचें नांव प्रथम असे. गुरु-शिष्यांच्या यादींत तें शेवटीं येतें किंवा गळतें.

म्हणून हस्तलिखितांच्या संग्राहकांना एक विनंती करावीशी वाटते. जुन्या बाडांत पोथ्या, बखरी व सनदा यांच्यासोबत चिजांच्या वह्या निघतात. त्यांना बहुधा कोणी किंमत देत नाहीं. कारण त्यांतील कविता सामान्य असते, लेखन अशुद्ध असतें, व भाषा व्रज, हिंदी, मराठी अशी मिसळलेली असते. तरी त्या वह्या फेंकून देऊं नयेत. चिजेच्या माथ्यावर कोणाकडून मिळाली हें लिहिलेलें असतें. कोठें तारीख असते. कोठें तालाच्या मात्रा, तर कोठें सरगम असते. ही एक ओळ गुरुपरंपरेच्या दृष्टीनें सनदेच्या शिक्क्याइतकी मोलाची आहे. अशी वही मिळतांच तिचीं पानें सुटीं करूं नयेत, चिजा निवडून बाकीचा भाग टाकूं नये, आणि ती कोणत्या घरून व कोणत्या गांवाहून आली हें प्रथम पानावर टिपून ठेवावें. जलशांचीं हस्तपत्रकें, शाळांचे हजेरीपट व फीच्या पावत्या यांनाहि हाच नियम लावावा.

श्रीगोंदें, जामगांव व ग्वाल्हेर या तीन ठिकाणच्या मराठी घरांतून ये-जा शतकभर चालू होती. त्या घरांतील दफ्तरें लढायांच्या तारखांसाठीं चाळलीं जातात, तशींच तीं गवयांच्या नांवांसाठींहि चाळलीं जावींत. महादजींच्या फौजेचा जमाखर्च जितक्या काळजीनें तपासावयाचा तितक्याच काळजीनें एखाद्या पेटीवाल्याची बिदागी व एखाद्या शिष्याची शिधा-नेमणूक टिपली गेली, तर या घराण्यानें उत्तरेंत काय मिळविलें व दक्षिणेस काय परत पाठविलें, याचा हिशेब पुरा होईल. राज्याची बाजू या हिशेबांत मांडली गेली आहे. विद्येची बाजू मांडणें अजून शिल्लक आहे.